आईसाठी काय केलं त्यानं?

“आई, आज उदबत्ती राहू द्या,” मृणाल म्हणाली आणि माझ्या हातातली काडेपेटी तिनं जवळजवळ हिसकावूनच घेतली.

“का गं?”

“हॉटेलात धुराचा अलार्म असतो. वाजला की सगळे खाली पळत सुटतील.”

“मग काल कसा नाही वाजला?”

“काल बंद असेल,” असं म्हणून माझी सूनबाई माझ्याकडं पाठ करून बॅगेत काहीतरी शोधायला लागली. शोधत काहीच नव्हती. नुसतेच कपडे इकडचे तिकडं करत होती.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. कैरोच्या त्या हॉटेलात आम्ही तिघं एकाच खोलीत होतो. मी, माझा मुलगा श्रीरंग आणि ही मृणाल. आंबेकरांची लेक, माहेर नरसोबाच्या वाडीचं. देवाधर्माचं सगळं माझ्यापेक्षा कडक. आणि तीच मला उदबत्ती लावू नका म्हणते?

श्रीरंग पलंगाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याचा एक छोटा पितळी गणपती आहे, स्टीलच्या डबीत मावेल एवढा. कॉलेजला गेल्यापासून तो कुठंही गेला तरी डबी बरोबर. सकाळी आंघोळ झाली की झाकण उघडायचं, दोन थेंब पाणी, एखादं फूल, नाहीतर नुसता नमस्कार. त्या दिवशी त्याची आंघोळ झाली होती, केस ओले होते आणि डबी टेबलावर तशीच बंद होती.

“गणपतीची आंघोळ राहिली रे,” मी म्हटलं.

“उशीर झालाय आई. बस थांबलीय खाली.”

बस निघायला चांगला अवकाश होता, मी खिडकीतून बघितलं होतं. ड्रायव्हर खाली निवांत चहा पीत होता. श्रीरंग लहानपणापासून असाच. एकदा कंदिलाची काच फोडली आणि मांजरावर ढकलली, तर संध्याकाळी शुभंकरोतीला बसेना. खोटं बोलायचं असलं की हा देवासमोर जात नाही. तेव्हा मी मनाशी म्हटलं, सिंधूबाई, आता डोळे उघडे ठेवा. कुठंतरी पाणी मुरतंय.

आणि ते कुठं मुरतंय तेही मला ठाऊक होतं. निदान तसं वाटत होतं.

सांगलीला एसटी स्टँडजवळ माझी खानावळ होती. नवरा गेला तेव्हा पोर चौथीत. मी चार डबे करत सुरुवात केली आणि त्याच चुलीवर श्रीरंगला इंजिनिअर केलं. एवढी वर्षं लोकांना वाढलं की माणूस ताटावरून कळतो. घरून काही वाईट कळलंय आणि ‘आज भूक नाही काकू’ म्हणतोय, हे मला पहिल्या पोळीला समजायचं. त्यामुळं संशय घेणं हा माझा स्वभाव म्हणा, धंदा म्हणा. पोराला मात्र ती खानावळ डोळ्यांत सलायची. “आता बस कर आई, पुण्याला ये,” हे दर महिन्याला. माझा भाऊ दिनूही त्याच्याच सुरात सूर मिळवायचा.

अशात त्यानं मला न विचारता या इजिप्तच्या सहलीचे पैसे भरले. आणि निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या लोखंडेवहिनी भिंतीवरून डोकावून मला हळूच म्हणाल्या, “सिंधूताई, तुम्ही मंडईत गेला होता तेव्हा श्रीरंग एका माणसाला घेऊन आला होता हो. तो टेप लावून तुमची खानावळ मोजत होता.”

मोजत होता! म्हणजे झालंच. मला परदेशात उंटावर बसवायचं आणि इकडं माझी खानावळ कुणा बिल्डरच्या घशात घालायची. परत येऊन बघते तर चुलीच्या जागी खड्डा. सबंध प्रवासभर हेच माझ्या डोक्यात. देवळं बघितली, नदीतनं बोटीनं फिरले, पण एक डोळा श्रीरंगवर.

तर त्या दिवशी नाश्त्याला खाली गेलो. मी मुद्दाम म्हटलं, “दिनूला फोन लाव. आईशी बोलते.” माझी आई तासगावला दिनूकडं असायची. ऐकू कमी यायचं, पण दिनू फोन समोर धरायचा आणि ती माझं तोंड बघायची. रोज एकदा.

“आज नेट नाहीये इथं,” श्रीरंग म्हणाला.

पलीकडच्या टेबलावर आमच्यातलेच एक आजोबा नातवाला फोनवर ‘हॅलो बेटा’ करत होते. मी त्यांच्याकडं बघितलं, मग श्रीरंगकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

“तुझं नेट निराळं असतं होय रे?”

“आई, खा ना. गार होतंय.”

थोड्या वेळानं तो उठून लिफ्टच्या बाजूला गेला. मीही हात धुवायचं निमित्त करून मागं गेले. खांबाआड उभी राहिले. लाज कसली त्यात? माझी खानावळ चालली होती. तो फोनवर हळू आवाजात म्हणत होता, “नाही मामा, तिला अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही आमची वाट बघू नका. आईला इथं कळता कामा नये.”

मामा! म्हणजे दिनूसुद्धा सामील. नवरा गेल्यावर माझ्या पाठीशी उभा राहिलेला भाऊ, तोही उलटला. मी परत येऊन बसले. मृणाल माझ्या ताटात काकडीचे काप वाढत होती. “घ्या ना आई.” इतक्या मायेनं, की मला चीडच आली.

“एवढं काय गं लाडानं वाढतेस? काय पाहिजे काय तुम्हाला माझ्याकडून?”

तिचे डोळे एकदम भरून आले. मी मनात म्हटलं, नाटकं.

संध्याकाळी जेवणात त्यांच्याकडचा एक गोड पदार्थ होता. दुधात पाव भिजवून, वर बदाम पिस्ते घालून भाजलेला. बासुंदीच्या जवळचा. श्रीरंग म्हणजे गोडाचा राक्षस. लग्नाच्या पंगतीत जिलबीसाठी हा वाढप्याचा हात धरून ठेवणार. त्यानं वाटीला हात लावला नाही. मृणालनंही नाही.

“पोट बरं नाही,” तो म्हणाला.

बाकीचं सगळं ताट मात्र साफ होतं. पोट बिघडलेला माणूस तिखट भाजी पुसून खातो आणि गोड ठेवतो, असं मी तरी कधी बघितलेलं नाही. मी दोन्ही वाट्या माझ्याकडं ओढल्या आणि रागारागानं खाल्ल्या. आमच्या सहलीच्या मॅनेजर देवधरबाई समोर बसल्या होत्या. त्या माझ्याकडं इतक्या विचित्र नजरेनं बघत होत्या, की मी विचारलं, “काय हो, पैसे भरलेत ना आम्ही गोडाचे?” त्या नुसत्या हसल्या आणि उठून गेल्या. म्हणजे ह्या बाईलाही माहीत. सगळ्या जगाला माहीत, फक्त जिची खानावळ तिला सोडून.

दुसऱ्या दिवशी पिरॅमिड. डबी आजही बंदच होती. श्रीरंगनं दाढीही केली नव्हती. “सुट्टीवर आहे ना आई,” म्हणे. बसमध्ये मी एकटी पुढं जाऊन बसले.

मला पिरॅमिडचं तसं कौतुक नव्हतं, पण तिथं माझं एक काम होतं. निघण्यापूर्वी तासगावला आईच्या पाया पडायला गेले, तेव्हा नातवंडांनी तिला टीव्हीवर ते दाखवलं होतं. माझी आई शाळेत गेलेली नव्हती, पण प्रश्न मात्र शाळामास्तरसारखे विचारायची.

“कुणाचं गं हे?”

“एका राजाचं. खुफू नाव त्याचं. मेल्यावर आपल्याला ठेवायला बांधून घेतलं त्यानं.”

“स्वतःसाठी एवढा डोंगर रचला?” ती बराच वेळ बघत राहिली. “आणि आईसाठी काय केलं त्यानं?”

सगळे हसले. तिचं तोंड मात्र हललं नाही.

“मला काय माहीत?” मी म्हटलं.

“मग विचारून ये. चाललीयेस एवढी, तर नुसतं बघून येऊ नकोस. आणि मला येऊन सांग.” बेदाण्यांची पुडी माझ्या हातात कोंबून तिनं माझी मूठ दोन्ही हातांनी मिटवली.

आता तो डोंगर माझ्या समोर होता. खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते. एकेक दगड माझ्या खानावळीच्या ओट्याएवढा, काही त्याहून मोठे. आमचा तिथला वाटाड्या महमूद इंग्रजीत सांगत होता आणि देवधरबाई मराठीत. इतके लाख दगड, इतकी वर्षं, आणि गंमत म्हणजे या एवढ्या थोरल्या राजाचा आख्खा पुतळा म्हणाल तर एकच सापडलाय, तोही हाताच्या बोटाएवढा. लोक ‘अरे वा’ करत फोटो काढत होते. श्रीरंग आणि मृणाल लांब उभे होते. फोटो नाही, काही नाही.

मी पुढं झाले. “देवधरबाई, याला विचारा. या राजानं आईसाठी काय केलं?”

त्या दचकल्याच. “काय?”

“आई हो. त्याला आई असेल की नाही? तिच्यासाठी काय केलं ते विचारा. माझ्या आईनं विचारायला सांगितलंय.”

देवधरबाईंनी आधी श्रीरंगकडं बघितलं. विचारायचं मला आणि बघायचं त्याच्याकडं! मी म्हटलं, “त्याच्याकडं काय बघताय? त्याची परवानगी लागते का?”

तेव्हा त्यांनी विचारलं. महमूदचा चेहरा एकदम खुलला. असला प्रश्न त्याला कुणी विचारत नसावं. तो हातवारे करत, पूर्वेच्या बाजूला बोट दाखवत केवढं तरी बोलला. मग थांबून देवधरबाईंकडं बघायला लागला.

“काय म्हणाला?”

“काही नाही... आईवर फार जीव होता म्हणे राजाचा.”

“एवढा वेळ बोलला आणि एवढंच?”

“तेच हो, साधारण.”

“बाई,” मी म्हटलं, “मी खानावळ चालवते. पातेलंभर शिजवून कुणी वाटीभर वाढलं तर मला कळतं. सगळं सांगा. मला आईला जाऊन सांगायचंय.”

देवधरबाईंनी ओठ दाबून धरले. चार माणसं ऐकायला गोळा झाली होती, त्यामुळं त्यांना गप्पही राहता येईना. शेवटी त्या महमूदच्या बुटांकडं बघत सांगायला लागल्या.

“इथं, या बाजूला, जमिनीत खूप खोल एक विहिरीसारखा खड्डा सापडला. राजाच्या आईसाठी केलेला. आत तिचा सोन्यानं मढवलेला पलंग होता, खुर्ची होती, बांगड्या होत्या. दगडाची पेटी होती, झाकण बंद. ज्यांना सापडली त्यांनी ती उघडली, तर...”

“तर?”

“तर रिकामी होती. आत कुणीच नव्हतं.”

“म्हणजे?”

“नक्की कुणालाच माहीत नाही. हा म्हणतो, काही लोकांचा असा अंदाज आहे की आईला आधी दुसरीकडं पुरलं होतं, तिथं चोरी झाली आणि तिचा देहच गेला. मग राजानं हुकूम केला, की आईला माझ्या शेजारी आणून ठेवा. पण त्याच्या माणसांना सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी बंद पेटी आणली, सगळ्या मानानं खाली सोडली. राजाला...” देवधरबाईंनी पुन्हा श्रीरंगकडं बघितलं. “राजाला कुणी सांगितलंच नाही, की आई नाहीये.”

माझ्या मागं कुणीतरी हुंदका दिला. वळून बघितलं तर मृणाल तोंडावर ओढणी दाबून बसकडं चालली होती, आणि श्रीरंग जागच्या जागी उभा होता. दोन दिवसांची दाढी वाढलेली. माझ्याकडं बघतही नव्हता.

आणि मग मला सगळं दिसलं. एकदम. डबी का बंद होती. गोड का खाल्लं नाही. दाढी का केली नाही. काडेपेटी का ओढून घेतली. अगं बाई, हे काय पाप लपवणाऱ्या माणसाचं वागणं होतं? हे सुतक होतं! सुतकात देवाला शिवत नाहीत. मला फोन दिला नाही, खोट्या थापा मारल्या, सगळं नीट जमवलं, पण देवाला फसवणं काही त्या दोघांना जमलं नाही. नियमानं मला सुतक लागतच नव्हतं, ते कानावर आल्यापासून लागतं. तरी मृणालला मी उदबत्ती लावलेली बघवली नाही.

आणि फोन दिनूचा होता. ‘मामा’चा. तासगावचा.

पायाखाली ती वाळू, डोक्यावर ऊन आणि भोवती लोक उंटवाल्याशी घासाघीस करत होते. मी महमूदला हात जोडले आणि बसमध्ये जाऊन बसले. खिडकीतून तो डोंगर दिसत होता आणि माझ्या डोक्यात एकच, काल मी दोन वाट्या गोड खाल्लं. आई गेल्यावर मी दोन वाट्या गोड खाल्लं.

हॉटेलात आल्यावर मी सरळ न्हाणीघरात गेले. साडी, पोलकं, पायातले मोजे, सगळं तसंच अंगावर. वरचा नळ सोडला आणि डोक्यावर गार पाणी घेतलं. आमच्याकडं जवळचं माणूस गेल्याचं कानावर आलं, की अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ करतात. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मला कळलं होतं ना?

दार नुसतंच लोटलेलं होतं. मृणाल टॉवेल द्यायला आली आणि मला तशी नखशिखांत भिजलेली, साडीसकट, बघून दारातच मटकन खाली बसली. तिला काही विचारावं लागलं नाही. वाडीची लेक ती.

“अहो,” तिनं नुसती हाक मारली आणि श्रीरंग धावत आला.

“कुणी सांगितलं तुला?” तो म्हणाला.

“तुझ्या गणपतीनं. कधी गेली माझी आई?”

“काल पहाटे.” तो लहान पोरासारखा रडायला लागला. “त्रास नाही झाला फार. मामा उशाशी होता.”

“आणि मला सांगितलं नाहीत? माझी आई ती, श्रीरंग! मी काय कुणी परकी होते? तिला अग्नी दिला आणि मी इथं देवळं बघत हिंडत होते!” मी ओरडले. अंगावरून पाणी गळत होतं आणि मी त्या पोराला वाट्टेल ते बोलत होते. “मी म्हणते, माझी खानावळ विकायला निघालास म्हणून तोंड लपवतोयस!”

“खानावळ?” तो रडता रडता थांबला. “कुणी विकली?”

“तो टेपवाला कोण मग?”

“अगं, तो चिमणीवाला होता! तुला धुरानं खोकला येतो म्हणून चिमणी बसवायची होती. आल्यावर दाखवणार होतो.”

मला हसू येईना आणि रडूही येईना. मी भिंतीला टेकून खालीच बसले. श्रीरंग माझ्या शेजारी त्या पाण्यातच बसला.

“आई, मी लगेच विमानाचं बघणार होतो,” तो म्हणाला. “पण आजीनंच मामाला बजावून ठेवलं होतं. म्हणाली, माझं काहीही झालं तरी सिंधूला मधनं माघारी बोलवू नका. तिला मी एक काम सांगितलंय. ते करून येऊ दे तिला.”

“आणखी काय म्हणाली?”

मी त्याचा हात धरला. “सांग.”

“परवा रात्री एकदम बिघडलं, तेव्हा जरा शुद्ध आली की मामाला तेच तेच विचारायची. सिंधूनं विचारलं का? सिंधूनं विचारलं का?”

मग मात्र मी रडले. किती वेळ ते आठवत नाही. मृणालनं मला धरून उठवलं, कोरडी साडी नेसवली, लेकीसारखं डोकं पुसून दिलं. तिला मी नाटकी म्हटलं होतं मनात. त्याचं माझं मलाच वाईट वाटलं.

“दिनूला फोन लाव,” मी श्रीरंगला म्हटलं. “आणि नेट नाही म्हणालास तर बघ.”

दिनू फोनवर आला तो रडतच. मी म्हटलं, “रडू नकोस. आईचा दिवा लावलायस ना?” माणूस जिथं गेलं तिथं दहा दिवस दिवा तेवत ठेवतात. तो हो म्हणाला. “मग फोन दिव्यापाशी ठेव आणि तू बाहेर जा.”

फोनवर ती तासगावची माजघराची भिंत दिसली, रिवाजानं दिव्याखाली पसरलेलं पीठ दिसलं, आणि ती वात. मी पलंगावर मांडी घालून बसले.

“आई, विचारलं गं मी,” मी मोठ्यानं म्हटलं, तिला ऐकू कमी यायचं म्हणून. “तिथल्याच माणसाला विचारलं. आईवर फार जीव होता त्याचा. त्यानं तिला आपल्या अगदी शेजारी जागा करून दिली. सोन्यानं मढवलेला पलंग दिला, बसायला खुर्ची दिली, हातातल्या बांगड्यासुद्धा नीट ठेवल्या. आणि सगळ्या मानानं, स्वतःच्या हुकमानं, तिला जवळ आणून ठेवलं.”

वात जराशी हलली. दिनूनं दार लोटलं असेल.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. खानावळीत चिमणी बसली, आणि पुढं खानावळही बंद झाली, ती माझ्याच हातानं. पण त्या दिवशी आईला मी एवढंच सांगितलं. पेटी रिकामी निघाली, ते मी तिला सांगितलं नाही.